तीन बांधणार, एक पाडणार

४ मार्च, सोमवार

भाचीच्या हुकमावरून ही वही सुरू केली. ती म्हणाली, "मामा, सर्व्हरवर जे जे कराल ते लिहून ठेवा. महिन्याने तुमचं तुम्हालाच आठवणार नाही." हिला बाराखडी मी शिकवली, आता ती मला शिकवते. हरकत नाही. पण नुसत्या कामाच्या नोंदी करायला मी काही विजेचा मीटर नाही. मनात येईल ते लिहिणार. वाचणार कोण आहे?

तर आमचं श्राव्य ग्रंथालय. ज्यांना दिसत नाही त्यांनी फोन लावायचा, पुस्तकाचा नंबर दाबायचा आणि ऐकत बसायचं. दोन खोल्या, रेकॉर्डिंगची एक गाद्या मारलेली कोठडी आणि पगारी माणसं तीन. मोठ्या बाई सगळ्यांच्या वर. फोनवर कानसेन. त्याला स्वतःलाही दिसत नाही, पण नुसत्या पावलांवरून कोण आलं आणि घरी भांडून आलं का, ते सांगतो. तिसरा मी. पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो, आता 'यंत्रणा' सांभाळतो.

पुस्तकं ज्या सर्व्हरवर आहेत ते लांब कुठेतरी भाड्याने घेतलेले. पूर्वी मी वेबसाइटवर जाऊन बटणं दाबून सगळं करायचो. दोन वर्षांपूर्वी भाचीने हे टूल बसवून दिलं. यात बटणंबिटणं नाहीत, एक काळी खिडकी आणि लुकलुकणारा कर्सर. आपल्याला काय काय हवं ते फायलींत लिहायचं: इतके सर्व्हर, इतक्या डिस्क, अमुक आकाराच्या. मग कमांड दिली की टूल आपलं लिहिलेलं आणि प्रत्यक्षात असलेलं ताडून बघतं आणि फरकाची यादी छापतं. हिरवं अधिक म्हणजे नवीन बांधणार, लाल वजा म्हणजे असलेलं पाडणार. शेवटी विचारतं, करू का? तिथे अख्खं 'यस' टाइप करावं लागतं. भाची म्हणते, यादी वाचल्याशिवाय यस लिहिणारा माणूस न वाचता सही करणाऱ्यासारखाच. तिला अशी वाक्यं सुचतात.

जानेवारीत, आमच्याकडे पुस्तकं वाचून देणाऱ्या मास्तरीणबाईंच्या रेकॉर्डिंगच्या प्रकरणवार फायली करताना त्यांची डिस्क भरत आली. शनिवार होता, घाई होती. मी जुन्या सवयीने वेबसाइटवर गेलो आणि दोनशे जीबीची डिस्क हातानेच पाचशेची केली. दोन मिनिटांचं काम. नवा आकार फायलीत लिहायचा राहिलाय. लिहीन. त्या डिस्कचा बॅकअपही लावायचाय. तेव्हापासून टूल जरा फुरंगटून बसलंय, कमांड दिली की लाल अक्षरांत काहीतरी कुरकुर करतं आणि बंद पडतं. म्हणून सध्या सगळं हातानेच चाललंय. भाचीला बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात काही नाही.

७ मार्च, गुरुवार

गुरुवार म्हणजे मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त झाल्यावर चौदा वर्षं आमच्याकडे फुकट वाचलं त्यांनी. एकसष्ट पुस्तकं. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. आता गळ्याला रुमाल आणि हातात वही-पेन्सिल. तरी गुरुवार चुकवत नाहीत. येतात आणि आपलीच जुनी रेकॉर्डिंगं ऐकतात, चुका काढायला. मी त्यांना शुद्धिपत्राचा छापील कागद देतो. मिनिट, सेकंद, चूक असे तीन रकाने आहेत.

गेले सहा महिने कागद कोरा परत येतोय. आज चांगले हेडफोन अडवून तीन तास बसल्या, डोळे मिटून. कागद कोराच. मला हेडफोन हवे होते. चुका संपल्या असतील तर तसं कळवावं, मी त्यांना दुसरं काहीतरी काम देईन. पण सांगणार कोण? वय झालंय, डुलकी लागत असेल.

११ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. लोकांना फोन लागत नाही, सारखा एंगेज. तीन नवीन लाइनी हव्यात आणि त्या उद्या दुपारी दोनच्या आत, कारण दोन वाजता विश्वस्त येणार आहेत. "होईल ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यात काय मोठंसं." बाहेर आलो आणि हिशेब केला. तीन लाइनी म्हणजे तीन सर्व्हर, हाताने करत बसलो तर दोन दिवस. टूलचा रुसवा काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

१२ मार्च, मंगळवार

झालं. दोन वाजायला दहा कमी असताना तिन्ही लाइनी चालू. विश्वस्तांनी समोर फोन लावून बघितला, पहिल्या रिंगला लागला. मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमचे हे आहेत म्हणून सगळं चालतं." बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी जीव मेटाकुटीला आला होता. टूल कमांड घेईना. भाचीने फायलीत पूर्वी कधीतरी एक ओळ घालून ठेवली होती, त्या ओळीवर बोट ठेवून अडून बसलं होतं. साडेबारा वाजले, एक वाजला. शेवटी ती ओळच काढून टाकली, तर सुतासारखं सरळ. यादी आली: तीन बांधणार, एक पाडणार. तीन बांधणार म्हणजे माझ्याच लाइनी, म्हटलं आली गाडी रुळावर. यस. सात मिनिटांत काम फत्ते.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तोंड का असं?" मी म्हटलं, दमलोय.

१३ मार्च, बुधवार

सकाळी कानसेन म्हणाला, "खुर्च्या विणणाऱ्याचा फोन होता. बाराव्या प्रकरणापर्यंत आलाय, तेरावं लागत नाही म्हणतो." हा एक आमचा जुना श्रोता. दिवसभर वेताच्या खुर्च्या विणतो आणि कानाला फोन. सध्या मास्तरीणबाईंची दोन बहिणींची जाडजूड कादंबरी ऐकतोय. मी म्हटलं, लाइनीचा प्रश्न असेल. कानसेन म्हणाला, "बारावंही लागत नाही. मी मास्तरीणबाईंची आणखी चार पुस्तकं लावून बघितली. सगळीकडे सामसूम."

मी डिस्क उघडली. आत काहीच नाही. आकार दोनशे. तयार झाल्याची वेळ, काल दुपारी एक वाजून चौतीस मिनिटं.

पुढचं आज लिहिता येत नाही.

१४ मार्च, गुरुवार

आता लिहितो. यादीतलं 'एक पाडणार' म्हणजे ती डिस्क होती; पाडून पुन्हा बांधायचं ते टूल पाडण्यातच मोजतं. फायलीत दोनशे, प्रत्यक्षात पाचशे. डिस्क मोठी करता येते, लहान करता येत नाही. म्हणून टूलने फायलीत लिहिल्याबरहुकूम केलं: होती ती पाडली आणि दोनशेची नवीकोरी बांधून दिली. एकसष्ट पुस्तकं. बॅकअप नाही. मूळ टेपा? त्या तीन वर्षांपूर्वी कोठडीत जागा हवी म्हणून मीच रद्दीत काढल्या; त्यानंतरची पुस्तकं थेट डिस्कवरच गेली. रद्दीच्या यादीवर माझी सही आहे.

टूल वाईट आहे. माणूस असता तर एकदा तरी म्हणाला असता, अहो, नक्की ना?

आणि आज नेमका गुरुवार. अकराला त्या आल्या. रुमाल, पिशवी, वही. मी उभाच राहिलो. म्हटलं, "आज ऐकता येणार नाही हो, सर्व्हर दुरुस्तीला काढलाय." त्यांनी लिहिलं, 'किती दिवस?' मी म्हटलं आठवडाभर. त्यांनी हेडफोनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, 'तुम्हाला बरं नाही का?' मी म्हटलं, जरा पित्त झालंय. पिशवीतून काढून दोन लवंगा दिल्या. गेल्या.

शुद्धिपत्र आठवडाभर लांबलं तर एवढं काय बिघडलं? पण जिन्यावर त्या फार वेळ थांबल्या होत्या. कानसेन म्हणाला, "अजून गेल्या नाहीत. कठड्याला धरून उभ्या आहेत."

१५ मार्च, शुक्रवार

सर्व्हरवाल्यांना तीन वेळा लिहिलं. उत्तर एकच: आपल्या विनंतीनुसार डिस्क काढून टाकण्यात आली आहे, ती परत मिळू शकत नाही. 'आपल्या विनंतीनुसार' हे शब्द मी दिवसभर पुन्हा पुन्हा वाचले. खुर्च्या विणणाऱ्याचे चार फोन आले. मी कानसेनला सांगितलं, म्हणावं, काम चालू आहे.

नोकरी जाईल का? जावो. नाही, जाऊ नये. या वयात टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेणारं कोण उरलंय?

१७ मार्च, रविवार

भाची जेवायला आली. मी सकाळपासून ठरवलं होतं की तिला काही सांगायचं नाही, फक्त सहज विचारायचं. जेवताना विचारलं, "समजा, एखादी डिस्क चुकून गेली तर?"

तिने घास खाली ठेवला. "मामा, कोणती गेली?"

"समजा म्हटलं ना."

"लॅपटॉप आणा."

टूल कोणी, कधी, काय केलं ते सगळं लिहून ठेवतं आणि फायलींचे जुने मसुदेही राहतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिने पाच मिनिटं वाचलं. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मामा, ही ओळ कोणी काढली?"

मी म्हटलं, ती अडवत होती.

"अडवण्यासाठीच होती ती. मी घातली होती. या डिस्कला हात लावू नका, एवढाच तिचा अर्थ. जानेवारीपासून ती तुम्हाला रोज तेच सांगत होती."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाची ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "माझीही चूक आहे. बॅकअप लागलाय का, ते मी बघायला हवं होतं." एकावन्न वर्षांचा माणूस भाचीसमोर रडला. लिहून टाकतो, म्हणजे सारवासारव करायची सोय राहायला नको.

१४ तारखेला लिहिलं की टूल म्हणालं नाही, नक्की ना. ते म्हणालं होतं. मी त्याचं तोंड बंद केलं.

१८ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंकडे जाण्याआधी कानसेनला सांगावं म्हणून त्याच्या टेबलाशी गेलो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मंगळवारी दुपारी दीडनंतर, ना?"

मी विचारलं, तुला कसं कळलं?

"पूर्वी तू खूप टाइप करायचास, मग गप्प. त्या गप्प राहण्यात माझा चहा संपायचा. मग 'यस'च्या तीन टिचक्या आणि एंटरची एक मोठी. मंगळवारी तू थांबलाच नाहीस. मला वाटलं, आता हा कामात मुरला." मग म्हणाला, "मी विचारायला हवं होतं रे. पण विश्वस्त येणार होते आणि तू शिव्या घालत होतास."

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. नोकरीचं विश्वस्त ठरवतील म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मास्तरीणबाईंना मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं." मी म्हटलं, एकसष्ट पुस्तकं पुन्हा कोणाकडून तरी वाचून घेऊ, चुका तरी कमी होतील. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला खरंच वाटतं की त्या चुका काढायला येतात?"

काय म्हणायचं होतं ते विचारायचं धाडस झालं नाही. शुद्धिपत्राचे कोरे कागद माझ्या खणात आहेत. सव्वीस आहेत.

२० मार्च, बुधवार

कोठडीतला जुना कॉम्प्युटर उलटापालटा करत होतो, काही मिळेल म्हणून. पुस्तक एकही नाही. फक्त कापाकापीच्या कामाचा फोल्डर. पुस्तक तयार करताना मधलं नको ते मी कापायचो: खोकला, पाणी पिणं, चुकलेली वाक्यं, काचेपलीकडून माझ्याशी केलेलं बोलणं. ते तुकडे पुसायचा कंटाळा केला होता. सगळे मिळून चाळीस-एक मिनिटं भरतात. त्यात पुस्तक नाही, म्हणजे उपयोग शून्य.

तरी ऐकले. "येतोय का आवाज?" "थांबा हो, शिंक येतेय." "हे वाक्य लेखकाने भर उन्हात लिहिलंय वाटतं, परत घेऊ." "तुम्ही जांभई दिलीत, मला दिसली." मग हसणं. त्या हसायच्या हे मी विसरलो होतो. वर्षभर दर गुरुवारी समोर बघतोय आणि विसरलो होतो.

उद्या गुरुवार. जीव टांगणीला लागलाय.

२१ मार्च, गुरुवार

सांगितलं. बसवलं, पाणी दिलं आणि एका दमात सगळं सांगितलं: हाताने मोठी केलेली डिस्क, काढलेली ओळ, न वाचलेली यादी, दुरुस्तीची थाप. त्यांनी पेन्सिल उचलली नाही. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त हात गळ्याच्या रुमालाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग लिहिलं, 'सगळी?' मी म्हटलं, सगळी.

मी म्हटलं, फक्त कचरा राहिलाय, कापलेले तुकडे, त्यात काही नाही. त्यांनी हेडफोनसाठी हात पुढे केला. मी लावून दिले. पहिला तुकडा सुरू झाला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. येतोय का आवाज.

त्या इथे चुका काढायला येत नव्हत्या. हे मला कळायला एकसष्ट पुस्तकं जावी लागली. मला माझीच इतकी शरम वाटली की मी खोलीबाहेर गेलो.

दीड तासाने बाहेर आल्या. ते तुकडे दोनदा ऐकले असावेत. निरोप न घेता, काही न लिहिता जिना उतरल्या. कानसेन म्हणाला, "आज थांबल्या नाहीत."

२६ मार्च, मंगळवार

फायलीत पाचशे लिहिलं. ती ओळ परत घातली. बॅकअप सगळ्या डिस्कना लावला. आता यादी छापून घेतो आणि कानसेनला एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवतो, तो हं म्हणेपर्यंत यस नाही. आज त्याने एक ओळ तीनदा परत वाचायला लावली. समजलं काहीच नसेल, पण म्हणाला, "तिथे तुझा आवाज घाईत होता."

विश्वस्तांची बैठक पुढच्या महिन्यात. तोपर्यंत काम करायचं.

२८ मार्च, गुरुवार

त्या येणार नाहीत असं धरून चाललो होतो. अकराला कानसेन म्हणाला, "आल्या. काहीतरी जड घेऊन येताहेत." मी जिन्यात धावलो. दोन पिशव्या होत्या, त्यात पुस्तकं. वाचनाच्या त्यांच्या स्वतःच्या प्रती, वापरून मऊ झालेल्या. पिशव्या टेबलावर ठेवून त्यांनी वहीत लिहिलं, 'बाकीची घरी आहेत. उचलायला माणूस लागेल.'

मग दोन बहिणींची कादंबरी काढली, तेरावं प्रकरण उघडलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. पानापानावर पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. कुठे एक, कुठे दोन. हे काय, म्हणून विचारलं. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं आणि श्वास घेऊन दाखवला. दोन रेघांवर बोट ठेवून थोडं जास्त थांबल्या.

मी म्हटलं, मी कसा वाचणार, माझा आवाज म्हणजे फुटका डबा. चांगला वाचणारा बघू. त्यांनी लिहिलं, 'तो मिळेल तेव्हा मिळेल. खुर्च्या विणणारा आज थांबलाय.' त्याच्याबद्दल कोणी सांगितलं ते विचारलं नाही. कानसेन फोनची वायर पुसत बसला होता.

कोठडीत बसलो. चौदा वर्षं काचेच्या या बाजूला त्या आणि त्या बाजूला मी. आज त्या तिकडे होत्या, माझ्या खुर्चीत, हेडफोन घालून. पहिलंच वाक्य चुकलो. काचेवर पेन्सिल वाजली, टक. पुन्हा घेतलं. टक. तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. रेघ आली की मी थांबायचो, श्वास घ्यायचो आणि पुढे जायचो. त्यांनी शुद्धिपत्राचा कागद मागून घेतला होता. दोन तासांत नऊ पानं झाली आणि कागद दोन्ही बाजूंनी भरला.

संध्याकाळी पाचला कानसेनने खुर्च्या विणणाऱ्याला फोन लावून ती नऊ पानं ऐकवली. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो, पलीकडे वेत ओढल्याचा आवाज येत होता. संपल्यावर तो म्हणाला, "हा कोण? आमच्या बाई कुठे गेल्या?"

कानसेनने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी त्याला खरं ते सांगितलं. बाईंचा आवाज गेल्या वर्षी गेला आणि राहिलेला मी घालवला. पलीकडे वेत थांबला. मास्तरीणबाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या आणि जात नव्हत्या.

मग तो म्हणाला, "थांबता मात्र त्यांच्यासारखंच."

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि त्यांच्याकडे वळून ते त्यांना सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, रुमाल सारखा केला आणि चौदावं प्रकरण उघडून माझ्या हातात दिलं.